मदत हवी आहे: मेलमध्ये 'पत्रास कारण की' वेळेवर येत नाही

माणकाठ

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मार्केटिंग. गाव आटपाडी तालुक्यात, बारावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजी बोलताना अडखळते, पण लिहिता बऱ्यापैकी येतं. तरी माझा मेल वाचून समोरच्याला मला काय हवंय ते कळत नाही. यंदा इंटर्नशिपमध्ये याचा मोठा फटका बसला, म्हणून इथे विचारतेय.

जून-जुलैत एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत आठ आठवड्यांची इंटर्नशिप केली. हडपसर, मांजरी भागातल्या किराणा दुकानांचा सर्व्हे होता. अहवालासाठी एरिया मॅनेजर सरांकडून डीलरवार विक्रीचे आकडे हवे होते. मेल केला. नऊ दिवस उत्तर नाही. शेवटी धीर करून फोन केला, तर सर म्हणाले, "मेल वाचला होता. मला वाटलं तू काम कसं चाललंय ते कळवते आहेस." आकडे त्यांनी त्याच संध्याकाळी दिले. पण माझे नऊ दिवस गेले आणि अहवालातलं ते प्रकरण घाईत उरकावं लागलं.

मेल इंग्रजीत होता. त्याचं मराठी देते. विषय होता 'इंटर्नशिपबाबत'.

"आदरणीय सर, आपण कुशल असाल अशी आशा करते. मी अमुक कॉलेजची विद्यार्थिनी असून आपल्या कंपनीत इंटर्नशिप करत आहे. ही संधी दिल्याबद्दल मी आपली अत्यंत ऋणी आहे. गेल्या आठवड्यात मी २२ दुकानांना भेटी दिल्या. सर्वांनी चांगले सहकार्य केले. काही दुकानदारांच्या मते माल वेळेवर मिळत नाही, तर काहींना लहान पाकिटे अधिक हवी आहेत. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी असे सुचवले की विक्रीची आकडेवारी असल्यास अहवाल अधिक परिपूर्ण होईल. तरी आपल्या सोयीने शक्य झाल्यास आकडेवारी मिळाल्यास बरे होईल. काही चुकल्यास क्षमस्व. कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी."

वर्गात सांगतात, थोडक्यात लिहा. मी तसंही करून पाहिलं. उरलं ते एवढंच: "सर, मागच्या तीन महिन्यांची विक्री पाठवा." हे मोठ्या माणसाला हुकूम सोडल्यासारखं वाटलं आणि पाठवायचं बटण दाबवेना. माझे आजोबा मुंबईला गिरणीत होते. त्यांची पोस्टकार्डं आजीने ट्रंकेत जपून ठेवलीत. त्यात सगळ्यांची खुशाली विचारून झाल्यावर 'पत्रास कारण की' येतं. आम्ही असंच लिहायला शिकलो. आल्या आल्या मागणं करायचं नाही, पाणी प्यायचं, चौकशी करायची, मग कामाचं बोलायचं.

तर उद्धट न वाटता मुद्द्यावर कसं यायचं? कोणी हा मेल सुधारून दाखवेल का?

फेरीवाला

माझी चौदा वर्षं विक्रीतच गेली, त्यामुळे तुमच्या सरांच्या जागी मी स्वतःला ठेवू शकतो. आमच्यासारखा माणूस मेल वाचतो डीलरच्या काउंटरवर उभा राहून, मोबाईलवर. एका हातात बिलबुक, समोर डीलर परत आलेल्या मालाचा वाद घालतोय. स्क्रीनवर विषय आणि पहिली एक-दोन वाक्यं दिसतात. तुमच्या मेलमध्ये तिथे काय होतं? 'इंटर्नशिपबाबत' आणि 'आपण कुशल असाल'. मी पण म्हणालो असतो, रात्री बघू. आणि रात्री कोण बघतं!

दुसरी गोष्ट तुमच्या लक्षात आलेली नसेल. डीलरवार विक्री ही नाजूक माहिती असते. ती कॉलेजच्या अहवालात छापली जाणार, लायब्ररीत राहणार, उद्या दुसऱ्या कंपनीतल्या कुणाच्या हातात पडणार, ही भीती असते. त्यामुळे "आकडेवारी मिळाल्यास बरे होईल" एवढ्यावर माणूस हलत नाही. कुठली आकडेवारी, किती महिन्यांची, कुठे वापरणार, नावं येणार का, हे सगळं त्याने तुम्हाला उलट विचारायचं? तेवढा वेळ नसतो.

मी असा लिहिला असता.

विषय: हडपसर-मांजरी, मार्च ते मे डीलरवार विक्री, शुक्रवार १४ जूनपर्यंत

"सर, नमस्कार. हडपसर आणि मांजरीच्या डीलर्सची मार्च ते मे महिन्यांची विक्री मला शुक्रवार १४ जूनपर्यंत मिळू शकेल का? सर्व्हेत २२ पैकी काही दुकानदार माल उशिरा येतो असं म्हणाले. ते कुठल्या डीलरकडच्या भागात जास्त आहे, हे आकड्यांशी ताडून बघायचं आहे. अहवालात डीलरची नावं येणार नाहीत, फक्त टक्केवारी येईल. तुमच्याकडे आहे त्या स्वरूपात चालेल, एक्सेलमध्ये मी भरून घेईन. फेरीच्या दिवशी मला दुकानं दाखवलीत त्याचा फार उपयोग होतोय, त्याबद्दल आभार."

यात हुकूम कुठे दिसतो का बघा. आणि महिन्याच्या २५ तारखेनंतर विक्रीतल्या माणसाकडे काही मागू नका, तेव्हा टार्गेटची झोंबाझोंबी चालू असते.

टिपणी

मी जिल्हा परिषदेत ३३ वर्षं लेखनिक होतो. तू माझ्या नातीच्या वयाची असशील म्हणून एकेरी लिहितो.

तुझ्या आजोबांना दोष देऊ नकोस. त्यांनी 'पत्रास कारण की' लिहिलं होतं. तुझ्या मेलमध्ये ते कुठेच नाही, 'तरी' आणि 'बरे होईल' यांच्यामध्ये कारण लपून गेलंय. जुन्या पत्रातली रीत नीट बघ. 'स. न. वि. वि.' म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. तो शेवटचा 'विशेष' म्हणजे नमस्कार संपला, आता कामाचं ऐका. चार अक्षरांत शिष्टाचार उरकून माणूस मुद्द्यावर येत होता. पोस्टकार्डावर घरच्यांना लिहिताना खुशाली लांबते, कारण तिथे खुशाली हेच निम्मं काम असतं.

कचेरीच्या पत्रात तर आम्ही मजकुराच्या आधी 'विषय' आणि 'संदर्भ' घालायचो. विषय असा हवा की आवक-जावक बघणाऱ्याला पत्र न उघडता कळावं ते कुठल्या टेबलावर जायचं. 'रजेबाबत' असं कुणी लिहिलं की आमचे साहेब परत पाठवायचे. कुणाची रजा, कधीपासून, किती दिवस? आणि एका पत्रात एकच विषय. दोन विषयांचं पत्र कुठल्या फाईलला लावायचं यावर दोन टेबलं भांडतात, पत्र तसंच पडून राहतं.

एक विचारतो. तो मेल तू कुणाकुणाला पाठवला होतास?

माणकाठ

फेरीवाला, तुमचा मेल तीनदा वाचला. "अहवालात नावं येणार नाहीत" हे मला सुचलंच नव्हतं. मी फक्त माझ्या अहवालाचा विचार करत होते, सरांना काय अडचण असेल ते डोक्यातच आलं नाही.

टिपणीकाका, एरिया मॅनेजर सर, एचआर मॅडम आणि कॉलेजच्या मार्गदर्शक मॅडम. तिघांचीही नावं 'टू'मध्येच होती. कुणाला वगळलं असं वाटू नये म्हणून.

टिपणी

तिथेच अर्धं बिघडलं. तिघांच्या नावे आलेलं काम कुणाचंच नसतं, प्रत्येकाला वाटतं दुसरा करेल. आमच्या पत्रात वर 'प्रति' असायचं, ज्याने काम करायचं तो. खाली 'प्रत माहितीस्तव', ज्यांना नुसतं कळवायचं ते. टंकलेखन यंत्रात दोन कागदांमध्ये कार्बन पेपर घालून ती प्रत निघायची. मेलमधलं 'सीसी' म्हणजे तीच कार्बन कॉपी. 'टू'मध्ये एकटे सर, बाकी दोघी 'सीसी'त. कुणाचा अपमान होत नाही.

वहीपेन

मी व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना लेखी संवाद शिकवते, म्हणून थोडं भाषेबद्दल. मराठीतून आलेली मुलं नम्रता दाखवायला शब्द वाढवतात. 'काइंडली', 'रिक्वेस्ट', 'हम्बली', 'अ‍ॅट युअर कन्व्हीनियन्स' हे सगळं एकाच वाक्यात. त्याचं कारण मला तरी असं दिसतं की मराठीत आदर क्रियापदात असतो. 'पाठव' आणि 'पाठवा' एवढ्या एका कान्याने काम होतं. इंग्रजीत ती सोय नाही, म्हणून मुलं आदर बाहेरून चिकटवतात. इंग्रजीत तो प्रश्नात असतो. 'सेंड मी' हा हुकूम, 'कुड यू सेंड मी' ही विनंती. तेवढं एक पुरतं. 'डू द नीडफुल', म्हणजे तुमचं 'योग्य ती कार्यवाही व्हावी', मात्र कायमचं सोडा. नीडफुल म्हणजे काय, ते ठरवायचं काम तुम्ही वाचणाऱ्यावर ढकलता.

फेरीवाल्यांच्या मेलमधलं आभाराचं वाक्य मी काढलं असतं. मागणीच्या शेपटाला आभार आले की ते लाच दिल्यासारखे वाटतात. आभाराचा मेल स्वतंत्र लिहावा, काहीही न मागता.

वाचायला काही हवं असेल तर अमेरिकन गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी बर्कशायर हॅथवे या आपल्या कंपनीच्या भागधारकांना लिहिलेली पत्रं वाचा. १९७७ पासूनची कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. अमेरिकेतल्या शेअर बाजार नियामकाने १९९८ मध्ये साध्या इंग्रजीवर एक पुस्तिका काढली, तिच्या प्रस्तावनेत बफेंनी सांगितलंय की वार्षिक अहवाल लिहिताना ते आपल्या बहिणींशी बोलतोय अशी कल्पना करायचे. बहिणी हुशार होत्या, पण हिशेबशास्त्रातल्या तज्ज्ञ नव्हत्या. मी मुलांना सांगते, मेल लिहिताना असं एक माणूस डोळ्यांपुढे आणा. तुमच्यासाठी ते सर काउंटरवर उभे असलेले.

कट्ट्यावरचा

हे सगळं चॅटजीपीटी दोन मिनिटांत करून देतं की. मुद्दे टाका, मेल तयार.

वहीपेन

व्याकरण तपासायला जरूर वापरा. पण 'अहवालात नावं येणार नाहीत' हा मुद्दा त्याला तुम्हीच द्यावा लागेल, आणि तो सुचला की मेल जवळपास लिहून झालेला असतो.

माणकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आता खरी अडचण सांगते, आधी लिहायचा धीर होत नव्हता.

प्लेसमेंट जवळ आलंय. एका कंपनीने इंटर्नशिपच्या ठिकाणचं शिफारसपत्र मागितलंय, तीन आठवड्यांची मुदत आहे. ते याच सरांकडून हवं. पण गेल्या महिन्यात सरांचे वडील वारले. मला ऑफिसमधल्या एकाकडून कळलं. तेव्हा काय लिहावं ते सुचलं नाही आणि दिवस निघून गेले. आता एकदम शिफारसपत्र मागितलं तर कामापुरती आठवण काढली असं होईल. दोन ओळी दुःखाच्या लिहून खाली विनंती लिहावी का?

फेरीवाला

नको. एकत्र अजिबात नको. माझी आई गेली तेव्हा एका डीलरने 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून त्याखाली थकलेल्या स्कीमच्या (विक्रीवरच्या सवलतीच्या) पैशांची आठवण करून दिली होती. सहा वर्षं झाली, विसरलेलो नाही.

टिपणी

आधी सांत्वनाचं लिही, मराठीत. सर मराठी बोलतात ना? मग दुःखाचं इंग्रजीत कशाला. उशीर झाला म्हणून अडू नकोस. पहिल्या पंधरा दिवसांत माणसांची रीघ असते, नंतर कुणी येत नाही. त्यात काही मागू नकोस. विनंतीचं पत्र पुढच्या आठवड्यात, वेगळं, अगदी कामाचं. मुदतीची तारीख, कंपनीने नमुना दिला असेल तर तो, आणि तू काय काम केलंस त्याच्या चार ओळी जोडून, म्हणजे त्यांना आठवत बसावं लागणार नाही.

वहीपेन

सांत्वनपत्रात विशेषणं टाळा. त्यांच्या वडिलांबद्दल तुम्हाला काही ठाऊक असेल, अगदी छोटंसं, तर ते लिहा. नसेल तर दोन वाक्यांत थांबा.

माणकाठ

ठाऊक आहे. मांजरीच्या फेरीत सर स्वतःहून बोलले होते. काल रात्री हे लिहिलंय:

"सर, नमस्कार.

तुमचे वडील गेल्याचं गेल्या महिन्यात कळलं. तेव्हाच लिहायला हवं होतं, शब्द सुचले नाहीत म्हणून राहिलं.

जूनमध्ये मांजरीच्या फेरीत तुम्ही त्यांच्या दुकानाबद्दल सांगितलं होतं. शाळेतून आलात की ते तुम्हाला नुसतं फळीकडे बघून कुठला माल संपत आलाय ते ओळखायला लावायचे. त्यानंतर मी प्रत्येक दुकानात आधी फळी बघायला लागले, प्रश्नावली नंतर काढायची. दुकानदार मोकळेपणाने बोलायचे ते त्यामुळेच. तुमच्या वडिलांना मी कधी भेटले नाही, पण एवढं त्यांच्याकडून शिकले.

तुम्ही आणि घरचे सगळे आता सावरले असाल. उत्तर लिहायची तसदी घेऊ नका."

टिपणी

मुली, पत्र चांगलं झालंय. एकच कर. 'आता सावरले असाल' काढ. महिनाच झालाय, आणि सावरले नसतील तर ते वाचून त्यांना सावरल्याचा आव आणावा लागेल. त्याजागी 'आईंना माझा नमस्कार सांगा' एवढं लिही. 'तसदी' पण नको, ते कचेरीतलं आहे. 'उत्तर नाही लिहिलंत तरी चालेल' असं लिही.

माणकाठ

दोन्ही बदलले काका. आत्ताच पाठवलं. शिफारसपत्राच्या विनंतीचा मसुदा पुढच्या आठवड्यात इथेच टाकते, 'टू'मध्ये फक्त सर.