डीफॉल्टची किंमत

‘गूगल चांगलं आहे म्हणून लोक वापरतात, जबरदस्ती कुणी केलीय?’ हे काही जणांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. शोध चांगला आहेच, मीही तोच वापरतो. पण सफारी या अ‍ॅपलच्या ब्राउझरमध्ये शोधासाठी आपोआप गूगलच यावं, म्हणजे तेच ‘डीफॉल्ट’ असावं, म्हणून गूगलने अ‍ॅपलला एकट्या २०२२ साली सुमारे २० अब्ज डॉलर मोजले, हे अमेरिकेतल्या खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आलं. लोक आपणहून येणारच होते, तर एवढे पैसे कशाला?

ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधसेवेतली गूगलची मक्तेदारी बेकायदा ठरवली. पुढच्या वर्षी मात्र अशी रक्कम देण्याची मुभा कायम ठेवली, ते मला चुकीचं वाटतं. आणि फायरफॉक्सची अवस्था बघा! गूगलच्या क्रोम ब्राउझरशी टक्कर घेणारा फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं बहुतांश उत्पन्न गूगलकडूनच येतं.