पंचवीस तोळे: लॉकर की घरचं कपाट?

सांगलीकर: आईच्या पाटल्या, एकदाणी आणि दर पाडव्याला घेतलेली वेढणी. आजवर सगळं गोदरेजच्या कपाटात, शालूच्या घडीत. आता आम्ही दोघं सहा महिने मुलाकडे जातोय. बँकेत लॉकर मिळतोय, भाडं वर्षाला ३,००० रुपये, वर ठेवही मागतात. पण तो आहे तळमजल्यावर, आणि २०१९ चा पूर आम्ही पाहिलाय. काय करावं?

निवृत्त कॅशियर: ठेव मागणं नियमात बसतं, तीन वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडायचा खर्च निघेल एवढी. खरी गोम पुढे आहे. चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची लबाडी झाली, तर १ जानेवारी २०२२ पासून बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट. म्हणजे तुमचे तीन लाख. पंचवीस तोळ्यांपुढे ते किती? पुरात तर बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर तेही नाही. वरच्या मजल्यावर लॉकर असलेली शाखा शोधा आणि दागिन्यांचा विमा वेगळा काढा.

कोथरूडची सून: नॉमिनी लावाच! सासूबाई गेल्या तेव्हा लावलेला नव्हता. वारसांच्या सह्या जमवता जमवता वर्ष गेलं, किल्ली मात्र देव्हाऱ्यात लटकत होती. आणि ठेवण्याआधी प्रत्येक वस्तूचा वजनकाट्यावर फोटो काढा. आत काय आहे ते बँकेला माहीत नसतं.

सांगलीकर: विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर एक शाखा आहे, उद्याच जातो. आई म्हणते, एक पाटली तरी हातात राहू दे.