'गुलदार'भोवतीच्या सागरी उद्यानाला वेगळा कायदा हवा का?

खडपवाला:
निवृत्त युद्धनौका 'गुलदार' सिंधुदुर्गच्या समुद्रातल्या निवती रॉकजवळ समुद्रतळावर बसवून स्कूबासाठी पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना आहे. पण चौऱ्याऐंशी मीटरचं ते लोखंड एकदा खाली गेलं की ताबा कोणाचा? 1987 चं मालवण सागरी अभयारण्य सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचं, निवती त्याच्या हद्दीत येत नाही. होडीचा परवाना मेरीटाइम बोर्डाकडे, जाळी मत्स्य विभागाकडे, प्रवाळ वनखात्याकडे, स्कूबाची नोंदणी 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाखाली. धोरण म्हणजे शासन निर्णय, त्याच्या जोरावर कोणाला कोर्टात खेचता येत नाही. म्हणून राज्याने छोटा कायदा करावा, असं माझं मत. त्यात चारच गोष्टी असाव्यात: नौकेभोवती 500 मीटरमध्ये नांगर टाकायला बंदी, होड्या फक्त बोयांना (तळाशी बांधलेल्या तरंगत्या खुणांना) बांधायच्या, गोताखोरांची रोजची कमाल संख्या, आणि शुल्काचा वेगळा निधी.

कलम२८:
कायदे कमी आहेत म्हणून घोडं अडलेलं नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 वाचा. कलम 27 प्रवेश रोखतं, कलम 28 पर्यटनासाठी अटींसह परवाना देतं. निवतीपर्यंत अभयारण्य वाढवा, तुमच्या चारांपैकी पहिल्या तीन गोष्टी परवान्याच्या अटींत बसतात. उलट राज्याचा नवा कायदा जहाजवाहतुकीला हात लावेल, आणि तो विषय केंद्राच्या यादीतला. आंग्रिया बँकेला, म्हणजे खोल समुद्रातल्या प्रवाळ-पठाराला, तर तो पोचणारच नाही, ती 12 सागरी मैलांच्या कितीतरी बाहेर.

पातवाला:
अभयारण्य वाढवा म्हणणं सोपं आहे. 1987 पासून इथला मच्छीमार त्या शब्दाला विरोध करतोय. तुमच्याच कायद्यात कलम 26-अ आहे ना? किनाऱ्यालगतचं पाणी अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या धंद्याचं रक्षण झालंच पाहिजे, असं तिथे लिहिलंय. ते कसं करणार, तेवढं सांगा. बुडवलेल्या नौकेवर मासळी गोळा होते, मग तिच्याजवळ जाळी टाकण्याचा मोह कोणाला होणार नाही? गिलनेट (पाण्यात उभं राहणारं, मासा कल्ल्यात अडकवणारं जाळं) रेलिंगला अडकलं की अर्धं तिथेच राहतं. नायलॉन कुजत नाही, वर्षानुवर्षं मासे मारत राहतं आणि गोताखोरालाही गुंडाळतं. ते कापून वर आणायचा खर्च कोणाचा? कायदो बरो आसा, पण गस्तीच्या बोटीक डिझेल कोण घालतलो?

मुरिंग_मिस्त्री:
बोयांचं कोणी धड बोलत नाही, म्हणून लिहितो. नौकेच्या रेलिंगला दोर बांधून बोया सोडण्याची सवय सगळीकडे आहे, आणि तीच चूक. गंजलेलं रेलिंग लाटेच्या झटक्याने उपटून येतं. बोया नौकेपासून बाजूला, काँक्रीटच्या ठोकळ्यावर हवा. हवेत एक टन भरणारा ठोकळा समुद्रात जेमतेम 570 किलो भरतो, हे हिशेबात न धरल्यामुळे ठोकळे घसरत नौकेवर आदळतात. खडकाळ तळ असेल तर ठोकळा नकोच. खडकाला भोक पाडून स्टेनलेसचा डोळा (कडी) सिमेंटने बसवावा. दोराच्या मध्यावर छोटा पाण्याखालचा तरंडा लावला की सैल दोर तळाला घासत नाही. सगळ्यात आधी झिजतो तो शॅकल (दोर जोडणारी पिनेची कडी), त्याची पिन तारेने बांधलेली नसेल तर फिरून सुटते. पावसाळ्यापूर्वी वरचा बोया आणि दोर काढून ठेवायचे, हंगामाच्या सुरुवातीला नवे लावायचे. म्हणजे खर्च दरवर्षीचा. ज्या मसुद्यात या देखभालीसाठी बांधील पैसा नाही तो मला नको, मग त्याला कायदा म्हणा की अट.

कलम२८:
मिस्त्रींचा मुद्दा मान्य, पण त्याला निधी लागतो, अधिनियम नव्हे. आणि मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी होडी उलटून दोन पर्यटक दगावले, तेव्हा लाइफ जॅकेट आणि परवान्याचे नियम होतेच की. पाळायला लावणारा माणूस नव्हता.

खडपवाला:
होडीचे नियम होते, गोताखोरीचे कुठे आहेत? क्वीन्सलँडमध्ये मनोरंजनासाठीच्या गोताखोरीच्या सुरक्षेला 2011 चा स्वतंत्र कायदा आहे, आणि ग्रेट बॅरिअर रीफच्या उद्यानाला 1975 चा वेगळा. आपल्याकडे सिलिंडरात हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरची तोंडं डिझेल इंजिनाच्या धुराजवळ असली तरी विचारणारा नाही. युरोपीय मानकात श्वसनाच्या हवेत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू 5 पीपीएमवर (दहा लाखात पाच भागांहून जास्त) चालत नाही, कारण खोलीवर त्याचा दाब वाढतो. वीस मीटरवर तो तिप्पट होतो, आणि वर चक्कर न आणणारी हवा खाली माणूस आडवा करते. हे वनक्षेत्रपालाने तपासायचं?

बडी_चेक:
आणखी एक. मालवणात येणारे बहुतेक पर्यटक बिनप्रशिक्षित, प्रशिक्षकाने टाकी धरून चार-पाच मीटरवर फिरवायचे. त्यांना 'गुलदार'च्या आत शिरू देता येणार नाही. ओपन वॉटर या गोताखोरीच्या पहिल्या पायरीच्या परवानाधारकालाही 18 मीटरची मर्यादा शिकवतात, आणि बंद खोलीत पायातल्या फिनने गाळ उडाला की दोन हातांवरचं दार दिसत नाही. बुडवण्याआधी तेल, केबल, सुटे पत्रे काढावे लागतातच, पण बाजूंना मोठी भोकं कापून प्रत्येक कप्प्यातून उजेड दिसेल असं करणं हे पाण्यावर असतानाच होतं. नंतर कितीही कडक कलम लिहा, खाली जाऊन पत्रा कापणं कोणाला परवडणार नाही. कायद्याचा वाद चालू द्या, ही अट कंत्राटात आधी घाला.

पातवाला:
निधी म्हणताय तर त्याच्या समितीत निवती, भोगवे, वेंगुर्ल्याच्या गिलनेटवाल्यांच्या किती खुर्च्या, तो आकडा मसुद्यात टाका. आणि 500 मीटर कुठून मोजणार, नौकेच्या मध्यापासून की टोकापासून? तेवढ्यात चाळीसेक मीटरचा फरक पडतो, आणि तिथेच आमची पात (जाळी) पडते.