मदत हवी आहे : २८ वर्षं जुनी लाकडी बोट कापून लांबवावी का?

नमस्कार मंडळी,

हर्णै बंदरात आमची ३२ फुटी लाकडी बोट आहे. बाबांनी बांधून घेतली त्याला आता २८ वर्षं झाली. फळ्या सागाच्या, आतल्या फासळ्या बाभळीच्या. बाबा गेल्यापासून भाऊ तांडेल (बोटीचा प्रमुख) म्हणून जातो आणि डिझेल, बर्फ, खलाशांचा हिशोब मी बघते.

भावाचं म्हणणं, बोट मधोमध कापून ६ फूट लांबवू, बर्फाचा खण मोठा करू, दोन सिलिंडरचं इंजिन काढून सहा सिलिंडरचं बसवू, वर केबिन आणि बाहेरून सगळं फायबर. हे सगळं १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत. मेस्त्री तयार आहे, पण इंजिन सोडूनही त्याचा आकडा नव्या फायबर बोटीच्या निम्म्याच्या वर जातो. कर्ज माझ्या नावावर निघणार.

बोट अंजर्ल्याच्या खाडीत वर ओढली तेव्हा मी आत उतरून बघितलं. इंजिनाखालच्या फासळीला पेचकस टेकवला, तो दोन बोटं आत गेला. शेजारच्या खिळ्याचं डोकं नखाने सुटलं. त्याच्याभोवतीचं लाकूड काळं, भिजलेल्या भाकरीसारखं. पठाणाच्या (बोटीच्या तळाच्या मुख्य लांब लाकडाच्या) खालून नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागपर्यंत दोरी ताणली, तर मध्यावर दीड इंचाची फट दिसली.

बाबा दरवर्षी तिला माशाचं तेल लावायचे. तेल प्यालेल्या फळीवर फायबर धरेल का? बोट जड झाली तर खाडीच्या तोंडाशी साचलेल्या गाळावरून ती आत येईल का? कोणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा. भावाला नुसतं 'नको' म्हणायचं नाहीये मला, बोटीवर त्याचा फार जीव आहे.

प्रतिसाद १

ताई, दोरी ताणलीत हे फार चांगलं केलंत. मधली फट म्हणजे दोन्ही टोकं खाली बसली आहेत, पठाण थकलाय. समुद्रात बोटीवर सगळ्यात जास्त ताण मध्यावर येतो आणि भाऊ नेमका तिथेच कापायला निघालाय. लांबवायची तर पठाणाला लांब तिरका सांधा हवा, आणि फळ्यांचे सांधे एका रेषेत न येता पुढेमागे यायला हवेत. कुजक्या फासळ्यांवर हे टिकत नाही.

इंजिनाचंही सांगतो. आपल्या फुगीर पोटाच्या बोटी पाण्यावर उचलल्या न जाता पाणी कापत जातात, त्यांचा वेग लांबीवर ठरतो. ३८ फूट झाली तरी सात-आठ नॉटच्या पुढे ती फारशी जाणार नाही, डिझेल मात्र जाळेल. वर केबिनचं वजन आलं की डुलणं वाढतं ते वेगळंच. आणि लांबी, इंजिन बदललं तर नोंदणीचं आधी मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा.

प्रतिसाद २

आम्ही जुन्या बोटीला फायबर मारलं होतं. लाकूड नीट वाळलं नव्हतं, तेल होतंच. दुसऱ्या वर्षी हाताने ठोकलं तर जागोजाग पोकळ आवाज यायला लागला. थर उचकटला तर आत पाणी, आणि फळी बाहेरून दिसत नव्हती म्हणून कुजलेली कळलीच नाही. फायबर लाकडाला ताकद देईल या आशेवर आम्ही पैसे घातले, ते गेले.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. भावाला दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. बराच वेळ गप्प होता, मग स्वतःच पेचकस घेऊन खाली उतरला. अजून तीन फासळ्या मऊ निघाल्या.

लांबी आणि केबिन आता बाजूला ठेवलंय. इंजिनाखालच्या फासळ्या आणि खिळे बदलायचा वेगळा हिशोब मेस्त्रीकडे मागितलाय. तो नव्या बोटीच्या पाव किमतीच्या आत बसला तर दुरुस्ती, नाहीतर इंजिन काढून नवी बोट, इथवर आमचं एकमत झालंय. पठाणाची ती दीड इंचाची फट टेकू देऊन हळूहळू कमी होते का, हे कोणी केलं असेल तर जरूर लिहा. रविवारी मेस्त्री येतोय.