शांघायजवळचं झूजियाजियाओ अर्ध्या दिवसात होतं का? आई-बाबा सोबत आहेत

वेंगुर्ल्याची_लेक

नमस्कार. माझा भाऊ नोकरीनिमित्त शांघायला असतो. गणपती झाले की आई-बाबांना घेऊन मी त्याच्याकडे जाणार आहे. शहर तो दाखवेलच, पण त्याला रजा नाही अशा एका सकाळी झूजियाजियाओ हे कालव्यांवरचं जुनं गाव गाईडबरोबर बघावं असं मनात आहे. बाबांची हयात बंदरावर गेली, होड्या दिसल्या की त्यांचा पाय निघत नाही. आईचे गुडघे दुखतात आणि ती शाकाहारी आहे. अर्धा दिवस पुरेल का? गाईड हवाच का? तारीख २ किंवा ३ ऑक्टोबर धरली आहे.

दाभोळखाडी

बाय, आधी तारीख बदल. १ ऑक्टोबर चीनचा राष्ट्रीय दिन, आणि त्याला जोडून आठवडाभर सगळ्या देशाला सुट्टी. तिथली मुख्य गल्ली म्हणजे बेइदाजिये. ती आधीच अरुंद, त्या आठवड्यात मुंगी शिरायला जागा नसते. सुट्ट्या संपल्यावरचा कामाचा दिवस घे आणि सकाळी लवकर नीघ.

अर्धा दिवस पुरतो, पण तो जातो कुठे ते बघ. मध्य शांघायपासून गाव पन्नासेक किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन दोन तास गाडीतच. मी शांघायच्या गोदीत कामाला असताना अशाच सहलीने गेलो होतो. गाईडने रेशमाच्या दुकानात बसवून ठेवलं आणि पुलावर फोटोपुरतं थांबू दिलं. पाणी बघायला आलेल्या माणसाचा वेळ असा खाल्लेला मला आजही सलतो. म्हणून पैसे भरायच्या आधी लेखी विचार, खरेदीचा थांबा आहे का. असेल तर ती सहल सोड.

तो पूल म्हणजे फांगशेंग. १५७१ मध्ये तिथल्या एका बौद्ध भिक्षूने वर्गणी गोळा करून बांधला, आज उभा आहे तो १८१२ मध्ये पुन्हा बांधलेला. पाच कमानी, लांबी साधारण सत्तर मीटर. मधली कमान चांगली उंच, कारण तांदूळ आणि सुती कापड भरलेल्या होड्या तिच्याखालून जायच्या, गावाचं पोट त्याच व्यापारावर होतं. दगडांच्या फटींतून डाळिंबाची झाडं उगवलेली आहेत, ती बाबांना दाखव. पुलाखाली मासे धरायचे नाहीत, उलट जिवंत मासे आणून सोडायचे अशी जुनी रीत आहे. आपल्याकडे महाडजवळ वाळणकोंडीत वरदायिनीचे मासे कुणी धरत नाही, तसंच.

आणि होडी चुकवू नका. आपण दोन्ही बाजूंनी वल्हवतो, तिथे नावाडी मागे उभा राहून एकच लांब वल्हं चालवतो. ते वल्हं एका खुंटीवर टेकलेलं असतं आणि त्याच्या मुठीपासून एक दोरी खाली फळीला बांधलेली असते. नावाडी एका हाताने मूठ ढकलतो-ओढतो, दुसऱ्याने दोरी, आणि दर खेपेला पातं जरासं वळतं. वल्हं पाण्याबाहेर येतच नाही. त्यामुळे होडी अरुंद कालव्यातूनही सरळ जाते, दोन्ही काठांना वल्ह्याची धडक नाही. बाबांना मागच्या बाजूला, नावाड्याकडे तोंड करून बसव. गाईडचं बोलणं मग ऐकलं नाही तरी चालेल.

सौ_मालवण

आईंच्या खाण्याचं सांगते. बेइदाजियेवर दुकानादुकानांत डुकराचं मटण शिजत असतं, वास सहन होत नसेल तर ती गल्ली झपाट्याने ओलांडा. पानात बांधून उकडलेले चिकट तांदळाचे त्सोंग्झ मिळतात, पण बऱ्याचशांत आत मटण असतं. लाल चवळीसारख्या दाण्यांच्या गोड सारणाचेही असतात, ते गाईडकडून विचारून घ्या, आणि आत चरबी नाही ना तेही विचारायला सांगा. धूर देऊन वाळवलेले हिरवे सोयाबीनचे दाणे ही तिथली खासियत, ते आईंना आवडतील. तरी डब्यात दशम्या असू द्या. फांगशेंगला चढ-उतार दोन्हीकडे पायऱ्या आहेत. काठावरूनही पूल अख्खा दिसतो, त्यांना चढवायचा हट्ट नको.

राजापूरकर

गाईडशिवायही जमतं. मेट्रोची १७ नंबरची लाइन २०१७ च्या अखेरीस सुरू झाली, होंगछियाओ रेल्वे स्टेशनवरून थेट झूजियाजियाओ स्टेशन. पुढे जुन्या गावापर्यंत बरंच चालावं लागतं, आईंसाठी टॅक्सी करा. गावात शिरायला तिकीट नाही, १९१२ चा खझी बाग वगैरे बघायला वेगळं तिकीट पडतं. पैशांसाठी अलीपे फोनवर आधीच चालू करून ठेवा.

वेंगुर्ल्याची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. तारीख पुढे ढकलली, आणि खरेदीचा थांबा नसलेली सहल भाऊ शोधतोय. दाभोळकाका, होडीत आम्ही तिघंच असू. अनोळखी लोकांबरोबर बसावं लागेल का?

दाभोळखाडी

नाही. भाडं होडीमागे ठरतं, माणशी नाही. तिघं असलात तरी होडी तुमचीच. छोटी आणि लांब अशा दोन फेऱ्या असतात, तुम्ही लांब घ्या.