आईच्या गुडघ्यात इंजेक्शन द्यावं का?

प्रश्न: आईचे गुडघे झिजलेत. जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरते, एकेक पायरी, तेही तिरकं होऊन. डॉक्टर स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवताहेत, नातेवाईक म्हणतात ‘वंगणाचं’ घ्या. तिला मधुमेह आहे. जीव नुसता टांगणीला लागलाय.

उत्तर १: मधुमेहाचं आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. स्टिरॉइडनंतर काही दिवस साखर चढते. माझ्या बाबांना दिलं तेव्हा त्यांची आम्ही घरी रोज तपासत होतो. सूज उतरली, रात्रीची झोप लागायला लागली, पण आराम काही आठवड्यांचाच. वरचेवर मात्र नको. २०१७ च्या एका चाचणीत दर १२ आठवड्यांनी दोन वर्षं स्टिरॉइड दिलं, तर कूर्चा (सांध्यातल्या हाडांवरचं गुळगुळीत अस्तर) जास्त झिजली आणि दुखणं नुसतं सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी, टोचलेल्यांइतकंच राहिलं.

उत्तर २: वंगण म्हणजे हायल्युरॉनिक अ‍ॅसिड. अमेरिकेतल्या अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेनं २०२१ मध्ये ते सरसकट वापरू नये असंच म्हटलंय. माझ्या मते पैसे फिजिओथेरपीवर घाला. दुखणं कमी असतानाच मांडीचे स्नायू बळकट करून घ्यायचे. आणि सांधा बदलायचं चाललं असेल तर त्याआधीचे तीन महिने इंजेक्शन टाळा, संसर्गाचा धोका वाढतो.

प्रश्नकर्ती: साखरेचं कुणी बोललंच नव्हतं हो! उद्याच विचारते.