रक्त नाही आलं म्हणून शंका?
एका दादाने लिहिलंय की पहिल्या रात्री बायकोला रक्त आलं नाही म्हणून, तिचा आधी कुणाशी संबंध आला होता का, असा डोक्यात किडा वळवळतोय. अहो, 'सील' वगैरे काही नसतं हो! योनिपटल म्हणजे योनीच्या तोंडाशी असलेली पातळ लवचिक कडा, केसांच्या रबरबँडसारखी ताणली जाते, मधे भोक असतंच, नाहीतर दर महिन्याची पाळी बाहेर येणार कुठून? एखादीचं खरंच पूर्ण बंद असतं, मग वयात आल्यावर पोट दुखत राहतं पण पाळी काही दिसत नाही, छोटं ऑपरेशन करावं लागतं. कित्येकींना रक्त येतच नाही, आणि आलं तर बरेचदा घाई नि कोरडेपणामुळे.

बाईचा आधी संबंध आलाय की नाही, हे तपासून डॉक्टरलाही कळत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये टू फिंगर टेस्ट (बलात्कार झालेल्या बाईच्या योनीत दोन बोटं घालून तिला संबंधांची सवय आहे का ते बघणं) चुकीची ठरवली, तरी चालूच राहिली म्हणून २०२२ ला परत झापलं. आपल्याकडे कंजारभाट समाजातली पोरंपोरी २०१८ च्या सुमारास पहिल्या रात्रीनंतर पांढऱ्या चादरीवर रक्ताचा डाग शोधायच्या प्रथेविरुद्ध उभी राहिली, मार खाऊन. आणि तुम्ही घरात बसून चादर बघताय?